रिबानं घातलेली कडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दार लावणं. मी खांद्यानं रेटलं, रिबानं वरची कडी घातली. पावसाळ्यात आमचं दार फुगतं. मग ते एकट्यानं लागत नाही, उघडतही नाही. कडी घालताना ती म्हणाली, "अहो, रंधा मारा की ह्याला. जन्मभर फौंड्रीत लाकडाचे साचे केलासा, घरचं दार तेवढं ऱ्हायलं." मी म्हटलं, "दिवाळी होऊ दे." सहा वर्षं मी हेच म्हणत होतो.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. गल्लीत आमचं एकच घर. आमच्यात दारफाळणीचा सण असतो. एका संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत कडक उपास, पांढरे कपडे, दारं-खिडक्या बंद. हा सण दसऱ्याच्या आसपास येतो, कधी त्याच दिवशी. गल्ली सोनं द्यायला यायची आणि आमचं दार बंद. लोक रुसायचे. एका वर्षी नव्या भाडेकरणीनं दार बडवून काढलं. दुसऱ्या दिवशी आमचा शिळा सण, त्या दिवशी लोकांना भेटायचं असतं. रिबा खिरीचं पातेलं घेऊन तिच्या दारात उभी. "काल आमी देवाशी बोलत हुतो. तू मधी कशाला? आज खीर खा. आन फुडच्या साली सोनं उंबऱ्यावर ठेवून गुमान जायाचं."

तेव्हापासून उंबऱ्यावर आपट्याच्या पानांचा ढीग पडायचा. कडी कुणी वाजवत नसे. इतकं चोख वळण तिनं गल्लीला लावलं.

यंदा दोन्ही सण एकाच दिवशी आले. दुपार कलल्यावर ती भिंतीला टेकली. "छातीत दाटतंय." म्हटलं, उपास सोड. "चांदण्या दिसू द्या." जीवावर बेतलं तर सगळं सोडावं, हे आमच्याच धर्मात सांगितलंय. तिला ते ठाऊक होतं. मला तिचा अजून राग येतो.

मी दाराकडे धावलो. कडी हलेना. दार रेटलं तर कडीला हात पुरेना, कडी धरली तर दार रेटता येईना. मोबाईल तिनं बंद करून कुठं ठेवला होता, देव जाणे. खिडक्या मागच्या बोळाकडे, तिकडे कुणी नव्हतं. दार बडवलं, ओरडलो. बाहेर दसरा चौकाकडे निघालेले ढोल-ताशे. दाराशीच शेजारच्या शांताबाईचा आवाज आला. सुनेला सांगत होती, "थांबू नगंस. काकांची प्रार्थना चाललीया. सोनं ठेव आन चल." दाराखालच्या फटीतून आपट्याचं एक पान आत आलं.

हातोड्यानं कडी तोडली, तोवर रिबा गेली होती.

मग लोक जमले आणि म्हणायला लागले, पुण्यवान बाई, सणाच्या दिवशी गेली. असलं माझ्यासमोर कुणी बोलू नये. कसलं पुण्य? दार फुगलं होतं आणि ते मी फुगू दिलं होतं. शांताबाई रडत म्हणाली, "काका, आमाला वाटलं..."

"तुमचं काय चुकलं न्हाय," मी म्हटलं. "तिनं सांगितलेलं तुमी ऐकलं. मी न्हाय ऐकलं."

दुसऱ्या दिवशी शिळा सण. दफनासाठी पुण्याहून आमच्यातली माणसं यायची होती. सकाळी मी दार बिजागऱ्यांवरून सोडवलं, अंगणात आडवं टाकलं आणि रंधा मारायला लागलो. शांताबाई म्हणाली, "काका, आज कशाला?" तिची सून मात्र काही न विचारता दाराचं दुसरं टोक धरून बसली.

माणसं यायच्या आत दार परत बसवलं. एका बोटानं लागलं.