चित्रात न दिसलेलं दुखणं

अक्का दुखणं सांगताना बोट दाखवत नसत. मूठ वळून छातीच्या मधोमध ठेवत. "आठे पाटा ठेवेल शे," म्हणत, म्हणजे इथे दगडी पाटा ठेवलाय.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावात एका डॉक्टरांकडे मी ईसीजी काढायचो. अक्का समोरच्या मुलींच्या शाळेत शिपाई, मूळच्या एरंडोलकडच्या, बोलणं अहिराणी. जिना चढला की दुखे, कधी काम आटोपून बसल्यावरही. आमच्याकडे येईपर्यंत कळ ओसरलेली असे आणि ईसीजीची पट्टी साफ निघे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांच्या दुखण्याला घरचे कंटाळलेले असतात. मीही एकदा हसून म्हणालो, "अक्का, हे मनाचं आहे."

"मन आठे राहस का, भाऊ?" त्यांनी शांतपणे विचारलं.

एका दुपारी दुखत असतानाच त्या रस्ता ओलांडून आल्या, घामाने भिजलेल्या. मी घाईने तारा लावल्या. या वेळी पट्टीवरची रेघ खाली उतरली होती, म्हणजे हृदयावर खरोखर ताण येत होता.

डॉक्टरांनी मुंबईला अँजिओग्राफीसाठी पाठवलं. रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. "आई, आता पुरे," एवढंच सोबत गेलेला मुलगा म्हणाला. त्यानंतर अक्का दुखण्याबद्दल बोलेनाशा झाल्या.

मला मात्र ती रेघ विसरता येईना. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी मायलेकांना धुळ्याच्या एका हृदयरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी ईसीजी आणि मुंबईचा रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिले.

"मोठ्या वाहिन्या चांगल्या आहेत. पण त्यांच्यापुढे केसासारख्या बारीक वाहिन्या असतात, त्या या चित्रात दिसत नाहीत. श्रम झाले की त्या पुरेशा रुंदावत नाहीत आणि हृदयाला रक्त कमी पडतं. बायकांमध्ये असं बरेचदा होतं."

"मंग हाई खरं शे ना?"

"खरं आहे."

"मना पोऱ्याले सांगा, परत."

तज्ज्ञांनी मुलाकडे वळून पुन्हा सगळं सांगितलं. मुलगा मान खाली घालून ऐकत राहिला. परतीच्या एसटीत त्याने आईची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

गोळ्यांनी दुखणं कमी झालं, पुरतं गेलं नाही. अक्का चार पायऱ्या चढून थांबायच्या, मुलींना पुढे जाऊ द्यायच्या.

निवृत्तीनंतर त्या गावी गेल्या. काही वर्षांनी त्या वारल्याचं कळलं. त्याच महिन्यात त्यांच्या गावची एक बाई दवाखान्यात आली. पदर सावरत म्हणाली, "अक्का सांगी गयी व्हती, तठे जाय, तो भाऊ ऐकी लेस."

मी तिला बसायला खुर्ची दिली.