अजून वाळलेलं नाही

माझ्या शेजाऱ्याने मला नऊ वर्षं फसवलं. मी त्याला फसवलं नाही. आमचा सौदा ठरला होता आणि माझी बाजू मी पाळली, शेवटचा हिवाळा सोडून. त्याबद्दल पुढे सांगतो.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीत लेथवर हेल्पर म्हणून सुरुवात केली आणि आज अमेरिकेत, ट्रॉयमध्ये माझं स्वतःचं छोटं मशीन शॉप आहे. आयुष्यभर घासाघीस करत आलोय. माल घेताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता हातांकडे बघायचं, हे मी फार लवकर शिकलो. शेजारचा म्हातारा रिटायर्ड टूलमेकर होता, म्हणून आमचं जमलं.

त्याच्या गॅरेजमध्ये छताखालच्या तुळयांवर माणसाएवढा लांब लाकडाचा दांडा पडून होता. साल तशीच, दोन्ही टोकांना रंग फासलेला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"धनुष्य," तो म्हणाला. "अजून झालेलं नाही."

भिंतीवर त्याने केलेली तीन धनुष्यं टांगलेली होती. हे लाकूड ऑसेज ऑरेंजचं. नावात संत्रं असलं तरी लाकूड लोखंडासारखं. कुणाच्या तरी शेताच्या बांधावरचं झाड पडलं, तेव्हा त्याने खोड उभं चिरून हा दांडा ठेवला होता. मला ते हवं झालं. का, ते सांगता येणार नाही. मी म्हटलं, "तुझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ दर हिवाळ्यात मी काढीन. लाकूड माझं, आणि शिकवायचं तू." मला स्नोब्लोअर माझ्या दारात फिरवायचाच होता, आणखी वीस फूट जड नव्हते. तो हसला. "फार स्वस्तात सुटतोयस," म्हणाला, आणि हात पुढे केला.

तेव्हापासून तो एकच वाक्य बोलत राहिला, "अजून वाळलेलं नाही." साल न काढलेलं लाकूड आतून ओलं राहतं, घाई केली तर तडकतं. मी लोखंडाचा माणूस, लाकडातलं मला काही कळत नव्हतं. शॉपमध्ये केसाच्या जाडीचा फरकही मोजून घेतो, पण त्या लाकडातली ओल मोजायचं साधन पंधरा मिनिटांवरच्या दुकानात मिळत होतं, ते काही मी आणलं नाही.

दर खंडेनवमीला शॉपमधली पूजा उरकली की मी हळद-कुंकू, झेंडू आणि बायकोने केलेले बेसनाचे लाडू घेऊन त्याच्या गॅरेजमध्ये जायचो. त्याने हत्यारं बाकावर ओळीने मांडून ठेवलेली असायची. मधोमध लाकूड सोलायची दोन मुठींची सुरी. मी कुंकू लावायचो, तो जॅकेटच्या खिशात हात घालून गंभीर उभा राहायचा. आदराने उभा राहतो, असं मला वाटायचं.

नवव्या वर्षी मी म्हटलं, "अरे, लोणचं मुरायलाही एवढा वेळ लागत नाही."

"आज तर तुमच्यात हत्याराला हात लावत नाहीत ना? तूच सांगितलंस."

"उद्या लावू मग."

"उद्या दसरा. तुझ्याकडे पाहुणे येतील." आणि मग तेच. "अजून वाळलेलं नाही."

माझं डोकं फिरलं. "तुला द्यायचंच नाहीये," मी म्हणालो. "दुसरं गिऱ्हाईक बघून ठेवलंयस. शब्द देऊन माल दाबून ठेवणारे मी खूप पाहिलेत, पण ते निदान तोंडावर हसत तरी नव्हते." तो हसत नव्हता. मी लाडवांचा डबा उचलून घरी आणला.

त्या हिवाळ्यात मी त्याचा बर्फ काढला नाही. त्याची बायको फावडं घेऊन काढताना मला खिडकीतून दिसायची. फेब्रुवारीत तो गेला.

मार्चमध्ये तिने मला बोलावलं. दांडा आणि हत्यारं मला द्यायची, असं तो सांगून गेला होता. मी तुळईवरून दांडा खाली घेतला. नऊ वर्षं मी तो खालूनच पाहिला होता. छताकडच्या बाजूला हातभर साल निघालेली होती आणि तिथे सुरीचे घाव होते, तिरके, एकावर एक, नवशिक्या पोरानेही केले नसते असे. मग सुरी पाहिली. मुठींवर माझं कुंकू थरावर थर बसलेलं होतं. आमच्या शॉपमध्ये खंडेनवमीचं कुंकू चार दिवस टिकत नाही, कामाच्या हाताने पुसलं जातं. आणि सुरीवरचे हे थर मी दर वर्षी पाहत होतो.

"तुमचा सौदा झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी हात थरथरायला लागले," ती म्हणाली. "एकदा त्याने करून बघितलं. मग दांडा उलटा करून ठेवला."

"मला सांगायचं होतं ना."

"सौदा मोडला तर तू येणार नाहीस, म्हणाला."

धनुष्य मी केलं. इतर लोकांना विचारून, व्हिडिओ बघून. ज्याला लाकूड दाखवलं तो माणूस म्हणाला, हे कित्येक वर्षांपूर्वीच वाळलंय. धनुष्याच्या पाठीवर झाडाचं एकच वर्ष, म्हणजे वाढीचं एकच वलय, टोकापासून टोकापर्यंत अखंड राहावं लागतं. ते वलय कुठेही कापलं गेलं, की ओढताना तिथेच मोडतं. त्याचे घाव पाच वलयं खोल गेले होते. म्हणून आख्ख्या दांड्यावरून पाच वर्षं सोलून काढावी लागली, त्याच सुरीने. पहिल्याच दिवशी मुठींवरचं कुंकू माझ्या तळहातांना लागलं. धनुष्य बारीक झालं, माझी मुलगी सहज ओढते इतकं हलकं. पण मोडलं नाही.

त्याने मला फसवलं, हे मी आजही म्हणतो. माझे हात धडधाकट होते. त्याने खुर्चीत बसून नुसतं तोंडाने सांगायचं होतं, इथे घास, इथे थांब. शिकवायचं एवढंच ठरलं होतं. तिलाही सगळं माहीत होतं, नऊ वर्षं तिने मला कॉफी दिली आणि गप्प राहिली. सौदा मोडला तर मी येणार नाही, हे त्याला कुणी सांगितलं? मी असं कधी म्हणालो होतो का? म्हणालो असेन तर कधी, कोणत्या शब्दांत, ते तिने माझ्या तोंडावर सांगावं. तो नाही, तेव्हा याचा जबाब तिनेच द्यायचा आहे.