धोंड्याचं ताट

देवानं मला दोन आजार दिले आणि त्या दोघांचंही आपसांत पटत नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी आधी शुगर सांगितली, मग सिलिअ‍ॅक. म्हणजे गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी आठवडाभर आतड्यांचा दंगा. एक म्हणतो भात कमी कर, दुसरा म्हणतो पोळी सोड. राहिली ज्वारीची भाकर. तीही गिरणीत गव्हामागून दळली की संपलं. बायको म्हणते, "तुमच्यापेक्षा म्हैस सांभाळणं सोपं."

त्यात अधिक महिना आला. अधिकात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात: वरून कणीक, आत गुळाचं पुरण. माझे दोन्ही वैरी एकाच घासात! शिरूर अनंतपाळहून सासूबाईंचा फोन आला. मी घसा कोरडा होईस्तोवर समजावलं.

"गव्हानं कुणाला काय होतंय का?" त्या म्हणाल्या. "आन् गल्लीला काय सांगू? जावयाला भाकरीवर भागवलं म्हणून?"

शेवटी बायकोनं तोड काढली. ज्वारीचे धोंडे, आत तिखट डाळ. सासूबाईंनी गिरणी नको म्हणून जुनं जातं धुऊन, वाळवून स्वतः दळलं. गुडघे दुखत असताना! एवढं ऐकून मीही विरघळलो.

अधिकातल्या त्या दुपारी गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या. मी आत जाऊन इन्सुलिन टोचून आलो. ओवाळणं झालं, ताट आलं. मी धोंडा उचलला आणि मनापासून म्हणालो, "वा! ज्वारीचा असून एक चीर नाही!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. धोंडा माझ्या ओठांपाशी पोचला तसा त्यांनी हातावर फटका मारून तो उडवला आणि ताट ओढून घेतलं.

"अगं बाई! जावयापुढचं ताट ओढलं!" बायका ओरडल्या.

"फुटून राहिले होते मेले," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "लोकांत शोभा होईल म्हणून मूठभर कणीक घातली मी." आणि पदर डोळ्यांना लावला.

मला असा संताप आला! इन्सुलिन घेतलेलं, पुढ्यात ताट नाही. साखर एकदम उतरू नये म्हणून बायकोनं घाईनं केळं सोलून हातात दिलं. तोंड भरलेलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी काहीबाही बोललो असतो.

तोवर सासूबाई कामाला लागल्या होत्या. मला वाण द्यायला आणलेली कोरी परात त्यांनी वरचा कागद फाडून ओढली, डब्यातलं निव्वळ ज्वारीचं पीठ घेतलं, तवा राखेनं खसाखसा घासला आणि नव्या लुगड्यात चुलीपुढं बसून भाकर थापू लागल्या.

"अधिकात जावयाला भाकर?" शेजारीण म्हणाली.

त्यांनी मान वर केली नाही. "अधिक काय, तीन वर्षांनी परत येतोय. गेलेला जावई येतोय का?"

डॉक्टरांनी एकच भाकर सांगितली आहे. मी दोन खाल्ल्या.