बाईंच्या देशातला निकाल

सौंदडच्या आमच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचा स्वतःचा एक देश होता. कुठल्याही नकाशात नसलेला. आमचा मुलूख झाडीचा, म्हणून त्याचं नाव नवझाडी. त्या देशाचे फौजदारी कायदे नववीच्या वर्गानं करायचे आणि वर्षभर त्याच कायद्यांनी वागायचं, ही त्यांची रीत. पुस्तकातला धडा झटपट आटोपून त्या म्हणत, "चला, आता आपल्या देशात."

'हे चूक' असं त्या कधी म्हणत नसत. नुसता प्रश्न विचारत. तुरुंग हवाच, असं आम्ही ठरवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "जेलर कोन होनार?" एकही हात वर गेला नाही. तुरुंग रद्द झाला. रमेशनं खुन्याला फाशीच पाहिजे म्हणून हट्ट धरला. "ठीक हाये. त्याच्या मायले कळवाचं पत्र तूच लिही," बाई म्हणाल्या. रमेश तासभर कागदासमोर बसला. 'आदरणीय काकू' याच्यापुढे पेन सरकेना. फाशीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

चोरीला मात्र शिक्षा होती: वस्तू परत द्यायची आणि आठवडाभर त्या माणसाचं काम करायचं.

एक दिवस माझं घड्याळ हरवलं. मी शेजारी बसणाऱ्या दुर्गाचं नाव घेतलं. तिची आई भाताच्या रोवणीला मजुरीनं जायची आणि तिच्याकडे घड्याळ नव्हतं, एवढाच माझा पुरावा. वर्गाला तो पुरला. बाईंना मुख्याध्यापकांनी बोलावलं होतं. "तुम्हीच निकाल लावा," म्हणून त्या गेल्या. परत आल्या तेव्हा शिक्षा ठरली होती. दुर्गानं आठवडाभर माझं दप्तर उचलायचं.

"मी नाही घेतलं, बाई," दुर्गा म्हणाली.

"निकाल झाला ना आता," म्हणत बाईंनी हजेरी उघडली.

तीन दिवस तिनं माझं दप्तर घरापर्यंत आणलं. चौथ्या दिवशी ती शाळेतच आली नाही. त्या संध्याकाळी घर झाडताना आईला तांदळाच्या कोठीमागे माझं घड्याळ सापडलं.

सकाळी मी रडतरडत बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. हजेरी मिटून म्हणाल्या, "तुले काऊन वाटलं तिनंच घेतलं?" मी घड्याळ मुठीत झाकलं. "अन् मी तिचं काऊन ऐकलं नाही, ते मलेबी सांगता येऊन नाही राहिलं."

शाळा सुटल्यावर त्या अख्ख्या वर्गाला घेऊन दुर्गाच्या घरी गेल्या. तिची आई अंगणात तांदूळ पाखडत होती. बाईंनी चपला काढून हात जोडले. "माय, तुमची पोरगी चोर नाही. माझ्या वर्गात तिले चोर ठरवलं, अन् मी पाहत राहिली. माफ करा."

"अवो मॅडम, तुमी कायले हात जोडून राहिल्या? पोट्ट्याइचा खेळ तो."

"पोरगी शाळेत येऊन नाही राहिली माय. खेळ कसा म्हनू?"

मग मीही माफी मागितली. दुर्गा एवढंच म्हणाली, "तुझं दप्तर लय जड होतं."

दुसऱ्या दिवशी ती आली. माझ्या शेजारी मात्र परत कधी बसली नाही. त्या दिवशीच्या तासाला नवझाडीत नवा कायदा झाला: आरोपीचं बोलणं संपल्याशिवाय निकाल नाही. चुकणाऱ्या न्यायाधीशाला काय शिक्षा, हेही बाईंनी आमच्याकडून लिहून घेतलं आणि खाली स्वतः सही केली.

पुढे मी न्यायदंडाधिकारी झाले. काही वर्षांनी बाई आजारी असल्याचं कळलं, म्हणून आमगावला त्यांच्या घरी गेले. त्या खाटेवर पडून होत्या. आवाज अगदी बारीक झाला होता.

"शिक्षा देऊन राहिली का व तू?"

"हो, बाई."

"पहिली शिक्षा देल्ली, त्या दिवशी जेवली होती?"

"नाही. डबा तसाच घरी आणला."

"अन् आता?"

त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमलं नसतं. "आता जेवते, बाई."

त्यांनी माझा हात हातात घेतला. "सवय होते पोरी. होऊ नको देऊ."

पंधरा दिवसांत बाई गेल्या. निकाल सुनावायचा असेल त्या दिवशी मी आता कोर्टात डबा नेत नाही.