गुंडाळीतली सुई

अक्का गुंडाळी करायला घेत तेव्हा मला स्वयंपाकघरात पुरता थारा नसायचा. पीठ मळताना मी चालायची. कांदा चिरताना तर हवीच असायची, कारण डोळे माझे गेले तरी कुणाचं काही अडणार नव्हतं. पण सारण पसरून झालं, की अक्कांना हटकून काहीतरी आठवायचं. "अगं, दोरीवरचे कपडे वाळले असतील, काढून आण." "दार वाजलं का बघ जरा." एकदा म्हणाल्या, "खाली जाऊन बघ, टाकीत पाणी आहे का." आमच्या नळाला तेव्हा धो धो पाणी चालू होतं.

मी परत येईपर्यंत गुंडाळी ट्रेमध्ये पडलेली असायची, शिवण खाली, वर ओलं फडकं, आणि अक्का ओटा पुसत असायच्या.

गुंडाळी हा आमच्या घरातला शब्द. मैद्याचं फुगवलेलं पीठ मोठ्या पोळीसारखं लाटायचं, त्यावर परतलेला कांदा, बटाटा आणि पालकाचं मिरी घातलेलं सारण पसरायचं, चीज किसायचं, आणि चटई गुंडाळावी तशी गुंडाळून ओव्हनमध्ये भाजायची. अक्कांची गुंडाळी कापली की आत एकसारखे वेढे दिसत. मी केलेली मात्र कापायची वेळच येत नसे. ती ओव्हनमध्येच कुशीत फुटायची, सारण ट्रेवर सांडून करपायचं, आणि घरभर धूर. आमची पोरगी तिला 'अपघात' म्हणायची. "आई, आज गुंडाळी आहे की अपघात?"

मी ती जमेल तितकी घट्ट गुंडाळायची. फुटू नये म्हणून माणूस आणखी काय करणार? तरी फुटायची. अक्का नुसत्या बघायच्या आणि म्हणायच्या, "होतं असं." मला इतका राग यायचा की सांगायची सोय नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथे मूठ त्यांची आणि धूर माझ्या डोळ्यांत.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ही मुलगी शाळा सोडून स्वेटरच्या कारखान्यात लागली. यंत्रावर बाह्या विणायच्या, घरी येऊन दोन भावांचा स्वयंपाक करायचा, आणि मग सुया घेऊन भावांसाठी हातानं स्वेटर विणायचे, कारण कारखान्यातला स्वेटर परवडत नसे. गुंडाळी तिथल्या कँटीनच्या स्वयंपाकिणीनं शिकवली. भाऊ मोठे झाले, त्यांची लग्नं झाली. अक्कांसाठी स्थळं बघायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "वेळ नव्हता." पुढे कारखाना बंद पडला आणि त्या आमच्याकडे आल्या. स्वयंपाकघराला लागून सामान ठेवायची खोली होती, तिथे पलंग टाकला.

आमचं पटत होतं असं मी म्हणणार नाही. माझं मीठ जास्त, माझे कपडे नीट पिळलेले नसतात, माझी भांडी ओली. मीही काही मूग गिळून बसणारी नव्हे. आमची भांडणं ऐकून नवरा टीव्हीचा आवाज वाढवायचा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोकांना वर-खाली नेण्याची सोय करतो, आणि घरी आला की स्वतः जागचा हलत नाही.

एका संध्याकाळी अक्का भाजीला गेल्या होत्या, तेव्हा तो टीव्ही बंद करून माझ्याकडे आला. तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे.

"धाकट्याचा फोन होता," तो म्हणाला. "त्याच्या बायकोच्या पाठीचं ऑपरेशन आहे. अक्काला पाठवा म्हणतोय."

"किती दिवस?"

"तिकडेच राहू दे म्हणतो. मोठं घर आहे. इथे पोरगी जेवणाच्या टेबलावर अभ्यास करते. तिला खोली होईल." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "घरातलं तुला सगळं येतंच की. ती गुंडाळी तेवढी शिकून घे."

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की सुंठीवाचून खोकला गेला. माझं स्वयंपाकघर माझं होणार. पण लगेच मला अक्कांचे हात आठवले. जावेच्या बाळंतपणाला त्या एकदा धाकट्यांकडे गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा बोटांना चिरा पडलेल्या आणि ब्लाउज खांद्यावरून उतरणारा. "कसं होतं तिकडे?" विचारलं तर म्हणाल्या, "बरं होतं." आठवडाभर त्या नुसत्या झोपत होत्या. मी नवऱ्याला हे बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "तेव्हाची गोष्ट वेगळी." त्यालाही आठवत होतं. म्हणून तर माझ्याकडे बघत नव्हता.

दारात पिशवी ठेवल्याचा आवाज आला. अक्का कधी आल्या, कुणी पाहिलं नव्हतं. त्या सरळ आत गेल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

त्या रविवारी सारण पसरून झालं, आणि मी सवयीनं हात पुसून कपडे आणायला निघाले.

"थांब," अक्का म्हणाल्या. "इथे उभी राहा आणि बघ."

खिडकीच्या कट्ट्यावर स्वेटरची एक जाड सुई कायम पडलेली असायची. जोडीतली दुसरी कधीच हरवली होती. अक्कांनी विणकाम सोडून वर्षं झाली, तरी ही धुतलेली, चकचकीत. मी कितीदा ती उचलून ड्रॉवरमध्ये टाकली होती आणि पुन्हा कट्ट्यावर पाहिली होती. अक्कांनी ती उचलली, तेलाचं बोट फिरवलं, पोळीच्या कडेवर आडवी ठेवली आणि तिच्याभोवती गुंडाळायला लागल्या. सैल. इतकी सैल की मला वाटलं, ही आता उलगडणार. शेवटी कड पाण्यानं चिकटवून त्यांनी सुई हळूच ओढून काढली. मधोमध एक बारीक बोगदा राहिला.

"पीठ फुगतं," त्या म्हणाल्या. "आतल्या सारणाला वाफ येते. तिला जागा नको? तू आवळतेस. आवळलं की फुटतंच."

"एवढंच होतं तर इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

अक्का सुई धूत होत्या. "सांगितलं असतं तर माझं काय काम होतं इथे?"

या बाईनं दोन भाऊ वाढवले, आणि घरात राहायला तिच्यापाशी ही एक गोष्ट उरली होती. आज तीही माझ्या हातात देत होती, म्हणजे मनानं तिनं सामान बांधलं होतं. मला तेव्हाच म्हणायचं होतं, अक्का, जाऊ नका. पण इतकी वर्षं भांडल्यावर असे शब्द तोंडातून निघत नाहीत. मी म्हणाले, "बघू जमतं का." दोन-तीन दिवसांनी, घरात आम्ही दोघीच असताना, मी लहानशी करून पाहिली. फुटली नाही. अक्कांनी तुकडा खाल्ला आणि म्हणाल्या, "मीठ जास्त."

पुढच्या रविवारी दीर न्यायला आले. कोचावर पाय पसरून बसले. नवरा म्हणाला, "आज गुंडाळी हिच्या हातची. आता हीच करणार." अक्का आत बॅगेची चेन लावत होत्या.

मी एकटीच ओट्याशी होते. सुई कट्ट्यावर होती. मी ती उचलली, आणि परत ठेवली. मग सगळा जोर लावून गुंडाळी आवळली. एका पावावरून कोणी बहिणीला ठेवून घेत नाही, हे मला कळत होतं. पण मला दुसरं काही सुचलं नाही. त्यांना दिसू दे, म्हटलं, की अक्कांवाचून या घरात धूर होतो.

झालाही. गुंडाळी इतकी फुटली की ओव्हनच्या काचेवर पालक चिकटला. दीर हसायला लागले. "वहिनी, हे काय बॉम्ब वगैरे?" पोरगी मात्र हसली नाही. म्हणाली, "आत्या, तू नको ना जाऊस. आईला जमत नाही."

नवरा खाली बघत होता. मला वाटलं, बोलेल आता. आणि तेवढ्यात अक्का पुढे आल्या. ट्रेकडे पाहिलं, मग कट्ट्यावरच्या कोरड्या सुईकडे.

"हिला येते," त्या म्हणाल्या. "परवा केली होती, अख्खी. ही मुद्दाम फोडलीय."

"अक्का—"

"मला कुणाची कीव नको." एवढंच म्हणून त्यांनी बॅग उचलली. दारात थांबून चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुई राहू दे तुला."

मला रडायला यायला हवं होतं, पण आधी संतापच आला. नवऱ्याचा आला, दिरांचा आला, आणि सगळ्यात जास्त अक्कांचा. मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं काही केलं, आणि बाईनं चारचौघांत मला उघडं पाडलं. तो करपलेला ट्रे मी घासला नाही. तसाच पडू दिला.

मग घर शांत झालं. कांदा मी मला हवा तसा चिरायला लागले. मिठाला कुणी नाव ठेवेना. पोरीला खोली मिळाली, पण ती टेबलावरच पुस्तकं पसरायची. "तिथे वाचवत नाही मला," म्हणायची. मी दर रविवारी सुई घालून गुंडाळी करायची, अख्खी, सोनेरी, आणि नवरा मुकाट्यानं दोन तुकडे खाऊन उठायचा. 'छान झालीय' असं एकदाही म्हणाला नाही. मी अक्कांना फोन केला की जाऊ उचलायची. अक्का कामात असायच्या, नाहीतर झोपलेल्या. एकदाच आल्या फोनवर. विचारलं, कशा आहात, तर म्हणाल्या, "बरं आहे." त्या 'बरं'चा अर्थ मला माहीत होता. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तिनंच तर बॅग उचलली ना?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आणि मग एका रविवारी दुपारी दिरांचा फोन आला. नवऱ्याच्या हाताला ग्रीस होतं, म्हणून त्यानं स्पीकर लावला.

"दादा, अक्काचा हात गेला रे," दीर सांगत होते. "बाकी धुणं-भांडी करते, पण गुंडाळी फुटतेच. दर वेळी फुटते. परवा पाहुणे होते, त्यांच्यासमोर सगळा धूर. मी म्हटलं, अगं, जन्मभर केलीस ना? तर म्हणते, होतं असं."

मी भाजी ढवळत होते. हातातला डाव तसाच राहिला. मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूच आलं. इतकं की पोरगी टेबलावरून उठून आली. अक्कांच्या हातून गुंडाळी फुटत नाही. सुई नसली तरी लाटणं आहे, पेन्सिल आहे, झाडूची काडी आहे. ती बाई फोडत होती. दर रविवारी, मुद्दाम, आवळून.

मी फोन उचलून कानाला लावला. "भाऊजी, अक्कांना द्या जरा."

"ती जरा कामात—"

"द्या म्हणते ना."

बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग अक्कांचा श्वास.

"अक्का, गुंडाळी फुटते म्हणे?"

"हो गं." आवाज बारीक झाला होता. जवळ कुणीतरी उभं असणार. "सुई तिकडेच राहिली ना."

"पाठवून देऊ?"

मला वाटलं, पुन्हा 'कीव नको' म्हणतात की काय. मग मीच म्हणाले. जे त्या दिवशी ओट्याशी उभी राहून म्हणायचं होतं ते, भाजी करपत असताना, सगळ्यांसमोर. "अक्का, सुई नाही पाठवत. तुम्हीच या. मला तुम्ही इथे हव्या आहात. उद्या सकाळी हे न्यायला येतील."

नवरा ग्रीसचे हात तसेच धरून उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली, आणि मग बाहीनंच तोंड पुसलं.

फोनवर अक्का नाक ओढत होत्या. "उद्या संध्याकाळ होईल पोचायला," त्या म्हणाल्या. "आधीच पीठ मळून ठेवू नकोस. तू घट्ट मळतेस."