स्प्लिट पोर्टचं भांडण घेऊन रोह्याला

बरेच महिने मी ‘एस. म्हात्रे’ या नावाशी ईमेलवर भांडत होते. मी पुण्यात नेटवर्क स्विच बनवणाऱ्या कंपनीत काम करते. स्विच म्हणजे सगळ्या संगणकांच्या केबली जिथे येऊन मिळतात तो डबा, आणि केबल खोचायची प्रत्येक जागा म्हणजे पोर्ट. अतिवेगवान इथरनेटचे नवे नियम ठरवणाऱ्या गटात आम्ही दोघंही मतं पाठवायचो. वाद एकच होता. मोठ्या वेगाचा पोर्ट स्प्लिट करून त्यातून कमी वेगाच्या चार जोडण्या काढता आल्याच पाहिजेत, अशी सक्ती नियमात असावी का? म्हात्रेंचं म्हणणं, असावी. माझं म्हणणं, नको. ज्याला परवडेल तो बनवेल.

सोमवारी मतदान होतं. त्याच आठवड्यात म्हात्रेंचा मेल आला, पहिल्यांदाच मराठीत: ‘शनिवारी रोह्याला या. प्रत्यक्ष दाखवते.’

‘दाखवते’ वाचून कळलं की म्हात्रे बाई आहेत. मी गाडीची हवा तपासून घेतली.

पुण्याहून एक्स्प्रेस वेने खोपोलीला उतरायचं आणि पेणचा रस्ता धरायचा. सकाळी लवकर निघालात तर घाटात धुकं मिळतं आणि ट्रक कमी. मी थोडी वाट वाकडी करून जोह्याला, पेणजवळच्या गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या गावाला, गेले. गणपतीला अजून कितीतरी महिने होते, तरी कारखान्यांत पांढऱ्या मूर्ती भिंतीला टेकून रांगेने वाळत होत्या. मी दारातूनच फोटो मागितला. आतली बाई म्हणाली, “काढा की, पन हात नका लावू, ओलं हाय,” आणि शेजारणीला, “तू जरा सरक गो, फोटोत तूच येशील.” शेजारीण सरकली नाही. फोटो छान आलाय.

पेणला चहा घेतला, पोह्यांचे पापड घेतले. वडखळच्या पुढे महामार्ग कुठे गुळगुळीत, कुठे अजून उकरलेला. खांब गावाच्या आसपास मला दोनदा गाडी पहिल्या गिअरमध्ये घ्यावी लागली. त्यामुळे हाताशी भरपूर वेळ ठेवा. कोलाडला रोह्याचं वळण घेतलं की मात्र रस्ता शांत होतो.

सुलभाताई म्हात्रे स्टेशनजवळ स्कूटरवर थांबल्या होत्या. पन्नाशीच्या, ओढणी गळ्याभोवती घट्ट बांधलेली. आजूबाजूच्या कंपन्यांच्या सर्व्हर रूम त्या एकट्या सांभाळतात. “मेलवर फार कडक वाटता हो तुम्ही,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “तुम्ही काय कमी आहात?” दोघीही हसलो आणि जरा सैल झालो.

औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत त्या जुना, कधीही बंद पडेल असा स्विच बदलत होत्या. नवा स्विच खरं तर वापरलेलाच होता, मोठ्या शहरातल्या कंपनीने काढून टाकलेला. त्याचे पोर्ट शंभर गिगाबिट वेगाचे, कंपनीचे सर्व्हर पंचवीसचे. एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला चार तोंडं असलेली केबल त्यांनी लावली, सेटिंग बदललं. चारही दिवे हिरवे झाले आणि शेजारचा पोर्ट विझला.

“हे बघा,” त्या म्हणाल्या. “एक स्प्लिट केला की बाजूचा मेला. माहितीपत्रकात नुसतं ‘स्प्लिट होतो’ एवढंच छापलंय.”

मीही खटपट केली. सॉफ्टवेअर नवं केलं, दुसरा पोर्ट धरला. काही होईना. आतल्या चिपमध्येच तेवढ्या जोडण्यांची सोय नव्हती. निम्मे सर्व्हर जुन्या स्विचवरच ठेवावे लागले. सोमवारी पहिली शिफ्ट सुरू होणार होती आणि तो जुना डबा तग धरेल की नाही हे दोघींनाही सांगता येत नव्हतं.

“तुम्ही आज जे लिहाल, ते आमच्याकडे काही वर्षांनी असं येतं,” त्या म्हणाल्या. “तेव्हा विचारायला कोण नसतं.”

“पण सक्ती केली तर प्रत्येक चिप महाग होईल, प्रत्येक पोर्टच्या चाचण्या चौपट,” मी म्हटलं. “लहान कंपनीला साधा स्विचही परवडणार नाही.”

त्यांनी उरलेली केबल गुंडाळून ठेवली. “ते खरंय,” म्हणाल्या. “पन म्हणून गप नाय बसणार मी.”

संध्याकाळी त्यांच्या दिरांनी शेतात पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डा या वासाच्या रानझुडपाचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी. वरून गवत पेटवायचं. थंडीत या भागात आलात तर हे चुकवू नका. “दोघी भांडायला जमल्या व्हय?” दिरांनी विचारलं. “भांडून झालं, आता लिहायचंय,” सुलभाताई म्हणाल्या. शेंगा सोलता सोलता आम्ही माझ्या फोनवर एक वाक्य लिहून मतदानासाठी गटाला पाठवलं: पोर्ट स्प्लिट होतो असं सांगणाऱ्या उत्पादकाने, त्यामुळे दुसरा कुठला पोर्ट बंद पडतो का, हे सांगितलंच पाहिजे.

रात्री स्टेशनजवळच्या साध्या, स्वच्छ लॉजवर राहिले. रविवारी कुंडलिका नदीच्या पुलावर थोडं रेंगाळून परतले.

सोमवारी आमचं वाक्य मान्य झालं. सक्तीचा प्रस्ताव पडला. सुलभाताईंनी वाक्याला ‘हो’ म्हटलं होतं आणि सक्तीलाही. मी सक्तीला ‘नको’च म्हटलं. दुपारी त्यांचा फोन आला. पहिली शिफ्ट सुरळीत पार पडली होती. “तुमचं ‘नको’ बघितलं,” त्या म्हणाल्या. “राग नाय. पुढच्या मसुद्याला परत मांडणार आहे.”

“मांडा,” मी म्हटलं.

माझं मत अजून तेच आहे. फक्त आता ‘नको’ लिहिताना ते नेमकं कुणाला लिहितेय, हे मला ठाऊक असतं.