सासूबाईंचा आवाज

सेम्पिजा तसा सरळमार्गी माणूस. कंपालातल्या आपल्या खोलीत बसून तो परदेशात वाढणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना लुगांडा भाषा शिकवणारं अ‍ॅप बनवायचा. फोन प्रश्न विचारणार, मुलाने बोलून उत्तर द्यायचं, अडलं तर दुसरा आवाज उत्तर देऊन दाखवणार. बाईचा आवाज त्याच्या सासूबाईंचा. मसाका गावातल्या निवृत्त शिक्षिका त्या, बोलणं कसं स्वच्छ! तो अर्थात कधी त्यांच्यासमोर गेला नव्हता. त्यांच्या लोकांत जावई कुठे सासूसमोर जातो? रेकॉर्डिंग त्याच्या बायकोने, नकितेंदेने करून आणलं. पुरुषाचा आवाज मात्र त्याने स्वतःचाच घातला. इथेच माती खाल्ली.

वाक्यांच्या जोड्या प्रोग्राम आपोआप लावायचा. त्या प्रोग्रामने नवरा-बायकोचा धडा असा जुळवला, की सासूबाई म्हणतात, "आलात? अंघोळीचं पाणी काढलंय," आणि जावई म्हणतो, "किती गं काळजी घेतेस माझी!" सेम्पिजाच्या पडद्यावर नुसते क्रमांक दिसत, त्याला पत्ताच नाही. मसाकाच्या चर्चबाहेर कुणीतरी तो धडा मोठ्याने लावला. बायका हसून हसून बेजार झाल्या. सासूबाई घरी गेल्या, त्या पुन्हा चर्चला फिरकल्याच नाहीत.

"माझ्या आईला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत तुम्ही!" नकितेंदे कडाडली.

घाबरून त्याने सासूबाईंचा आवाज पुसून टाकला, तोही मूळ रेकॉर्डिंगसकट. कुणाला विचारायचं तरी! मग रविवारी दोघांनी मसाका गाठलं. तो व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसला. दाराला पडदा होता.

"आई, ह्यांनी तुझा आवाज कायमचा काढून टाकलाय," नकितेंदेने आत जाऊन सांगितलं.

"माझा?" पडद्याआडून सासूबाईंचा आवाज आला. "अगं, लंडनची माझी नात नांतेझा रोज माझ्याशी बोलायची त्यातून. काल फोनवर विचारते, जज्जा, आता तू का गं बोलत नाहीस? काढायचा तर त्याचा काढायचा होता, त्या गाढवाचा!"

सेम्पिजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्याचा फोन आण इकडे. पुन्हा बोलते सगळं. आणि तोंड बंद ठेव म्हणावं."

नकितेंदेने फोन आत नेला. सासूबाईंनी पहिल्या धड्यापासून सुरुवात केली.

"झोप नीट लागली ना रे, बाळा?"

मग उत्तरासाठी जागा सोडून त्या थांबल्या. मोठ्या माणसाने विचारपूस करावी आणि आपण गप्प राहावं, हे सेम्पिजाने जन्मात केलं नव्हतं. उत्तर ओठांवर आलं होतं. ते गिळून तो भिंतीकडे बघत राहिला.